माझी पाठ आणि हेर डीकमान

पाठीचं दुखणं मी बरेच महिने अंगावर काढलं. जर्मनीत आखनला मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला आलो होतो. पहिलाच हिवाळा होता, आणि पाठ थंडीमुळेच दुखतेय असं मी ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी खोलीवर रबरी पिशवीने शेकायचो आणि सकाळी पुन्हा सायकलवर बसायचो. दगडी रस्त्यावरून सायकल गेली की कमरेच्या वर अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. मग सायकल सोडून बस धरली. मग बसमध्ये उभं राहणं जमेना. शेवटी एकदा वर्कशॉपमध्ये पडलेला पाना उचलायला वाकलो आणि परत सरळ होता येईना. बरोबरच्या दोघांनी मला तसाच वाकलेला धरून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. दोन मणके एकमेकांत खचले होते.

"घरी कुणाला क्षय होता?" त्यांनी विचारलं.

माझं जर्मन तेव्हा यंत्रांपुरतं होतं, पण टुबेर्कुलोझं हा शब्द कळला. माझे वडील त्यानेच गेले होते. आमच्या दादरच्या घरात क्षय हा शब्द कुणी उच्चारत नसे. आई 'छातीचं' म्हणायची. परक्या देशात, परक्या भाषेत, मी पहिल्यांदा म्हणालो, "हो. वडिलांना."

"आता औषधं आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण पडून राहावं लागेल. बराच काळ."

बाहेरच्या बाकावर बसून मी ओव्हरकोटाची बटणं लावत होतो आणि ती सारखी चुकीच्या काजांत जात होती. शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंनी ती काढून पुन्हा नीट लावून दिली. त्या दिवसातलं बाकीचं पुष्कळसं मी विसरलो आहे, त्यांचे ते हात विसरलो नाही.

*

हाडाचा क्षय खोकल्यातून पसरत नाही, म्हणून मला हाडांच्या साध्या वॉर्डात ठेवलं. आखनच्या दक्षिणेला डोंगरात ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेलं ते हॉस्पिटल होतं. मला गिप्सबेटमध्ये घातलं, म्हणजे माझ्याच पाठीच्या साच्यावर केलेल्या प्लास्टरच्या होडक्यात. त्यात उताणं पडायचं, आणि उठायचं नाही. जेवण पडून, दाढी पडून, बाकीचंही सगळं पडूनच. डोक्यावर एक आरसा टांगला होता. त्यातून खिडकी आणि खिडकीतून उलटं दिसणारं एक झाड, एवढंच माझं जग होतं.

सकाळी अंधारातच श्वेस्टर आगाथा यायच्या. श्वेस्टर म्हणजे नर्स, आणि या जोगीणही होत्या. ऐन पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्या अंग पुसायच्या, इंजेक्शन द्यायच्या आणि दर वेळी एकच वाक्य म्हणायच्या, "आल्झो, हेर रेगे, आणखी एक रात्र गेली." आल्झो म्हणजे 'तर मग', आणि हेर म्हणजे 'श्रीयुत'. पुढे पुढे मी त्या वाक्याची वाट पाहायला लागलो.

घरी मी फक्त मोठ्या भावाला, दादाला कळवलं. त्याने आईपासून लपवायचा प्रयत्न केला, पण तिला कळायचं ते कळलंच. माझं लग्न ठरलेलं होतं. मुलीकडच्यांच्याही कानावर गेलं आणि त्यांनी नकार कळवला. दादाच्या पत्रात राग होता, आणि मला वाईट याचं वाटलं की मला राग आला नाही. मीही त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं असं वाटून मी आरशातल्या झाडाकडे बघत राहिलो. त्या दिवसांत आपण संपलो तर सगळेच सुटतील असं मला बऱ्याचदा वाटायचं. आज अशा अवस्थेत पडलेलं कुणी हे वाचत असेल तर त्याला सांगतो, तो विचार माझ्या बाबतीत सपशेल खोटा ठरला. आणि तो मी कुणालाच बोलून दाखवत नव्हतो, म्हणून इतका मोठा झाला होता.

तो पहिल्यांदा ज्यांना बोलून दाखवला ते हेर डीकमान.

*

ते चालतच वॉर्डात आले, पण डावं पाऊल फरफटत. कोळशाच्या खाणीच्या एका गावात त्यांनी फुटबॉलच्या क्लबला आयुष्यभर शिकवलं होतं आणि नुकतेच निवृत्त झाले होते. रुंद खांदे, उन्हाने रापलेली मान, आणि मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. मणक्यातली चकती सरकली असेल, नस दबली असेल, असं डॉक्टरांना वाटत होतं.

खाटेच्या पायथ्याची पाटी वाचून ते मोठ्याने हसले. "रेगे? तुला माहीत आहे आमच्या भाषेत रेगे म्हणजे काय? चपळ. आणि तू तर हलतसुद्धा नाहीस, युंगे."

युंगे म्हणजे पोरा. मी पंचविशीचा होतो, पण तेव्हापासून त्यांच्यासाठी मी युंगेच राहिलो.

शनिवारी दुपारी रेडिओवर सामना लागायचा. मला फुटबॉलमधलं फार कळत नव्हतं, आणि आडवं पडून तर मैदान डोळ्यांसमोरही येत नसे. ते माझ्या खाटेशी खुर्ची ओढून बसायचे आणि कोण कुठे धावतोय, कोणी धावायला हवं होतं, ते सांगायचे. माझं जर्मन मी त्यांच्याकडून शिकलो. पुढे विद्यापीठात एका प्राध्यापकांनी मला विचारलं होतं, हे खाणकामगारांसारखं बोलायला तुम्ही कुठे शिकलात?

एकदा मी त्यांना ते सांगितलं, संपून जावंसं वाटतं ते. त्यांनी उपदेश केला नाही. ते म्हणाले, "हो. तसं वाटतं. पण तू बरा होणार आहेस. बऱ्या होणाऱ्या माणसाने घाई करू नये."

*

तपासण्यांसाठी त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि काही आठवड्यांनी परत आणलं. तोवर त्यांचा डावा हातही बारीक झाला होता. मुख्य डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, फ्राउ डीकमानना, बाहेर बोलावलं. त्या काळी तिथे तीच रीत होती, आपल्याकडेही तीच होती. वाईट बातमी घरच्यांना सांगायची, रोग्याला नाही.

दार अर्धवट उघडं होतं. हेर डीकमाननी आतून आवाज दिला, "हेर डॉक्टर, पाय माझे आहेत. आत येऊन बोला."

डॉक्टर आत आले. चकती नव्हती, गाठही नव्हती. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच एकेक करून मरत होत्या. पाय, मग हात, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत. औषध नाही. डॉक्टर हे खाली बघत बोलले. फ्राउ डीकमान नवऱ्याचा पायमोजा हातात धरून उभ्या होत्या. त्या तो नुसताच उलटा-सुलटा करत होत्या.

"किती वेळ?" हेर डीकमाननी विचारलं.

"कुणाला दोन वर्षं मिळतात, कुणाला जास्त."

डॉक्टर गेल्यावर हेर डीकमान माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस ना सगळं? बरं झालं. मला पुन्हा सांगायला नको."

शेजारच्या खाटेवर मी पडलो होतो आणि माझे मणके भरून येत होते. एकाच खोलीत, एकाच महिन्यात, एकाला बरं होण्याची आणि एकाला न होण्याची बातमी मिळाली. माझ्या आनंदाला त्या दिवशी जागाच उरली नाही, आणि पुढेही तो कधी नीट आला नाही.

*

मला प्लास्टरमधून बाहेर काढलं तेव्हा माझे पाय लाकडाच्या काटक्यांसारखे झाले होते. पोटापासून काखेपर्यंत चामड्याचा पट्टा आवळून मला उभं केलं की खोली फिरायची. व्यायाम करून घेणारे सरकारी पद्धतीने मोजून मापून करून घ्यायचे. हेर डीकमान चाकाच्या खुर्चीत बसून कॉरिडॉरच्या टोकाला थांबायचे आणि तिथून ओरडायचे.

"पायांकडे बघू नकोस. पाय पळून जाणार नाहीत. माझ्याकडे बघ."

मी रडकुंडीला येऊन म्हणायचो, होत नाही. ते म्हणायचे, "होत नाही हे मला माहीत आहे. तरी ये."

मी भिंतीला धरून एकदाचा त्यांच्यापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी शाबासकी दिली नाही. श्वेस्टर आगाथांना हाक मारून म्हणाले, "याच्यासाठी कॉफी आणा, खरी कॉफी, ते चिकोरीचं पाणी नको." आणि खरंच कुठूनशी खरी कॉफी आली. त्यांना स्वतःला एका हाताने भरलेला कप नीट उचलवत नव्हता. मी त्यांच्या तोंडाला कप लावला. थोडी त्यांच्या शर्टावर सांडली, आणि आम्ही दोघं हसत सुटलो.

*

मी घरी, म्हणजे आखनच्या खोलीवर परतलो आणि अभ्यास पुन्हा सुरू केला. हेर डीकमानही त्यांच्या गावी गेले. रविवारी बस पकडून मी त्यांच्याकडे जायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं. फ्राउ डीकमाननी खालच्या बैठकीच्या खोलीतच पलंग लावला होता. त्या लहानखुऱ्या बाई त्या धिप्पाड माणसाला कुशीवर वळवायच्या, खुर्चीत बसवायच्या, भरवायच्या. मदतीला कुणी येत नसे, आणि त्यांनी बोलावलंही नाही. क्लबातली माणसं सुरुवातीला आली. मग हेर डीकमानचं बोलणं कळेनासं झालं तसं येणं कमी झालं.

"आता आपण सारखे झालो," ते मला एकदा जड जिभेने म्हणाले. "आपल्या दोघांचंही जर्मन लोकांना कळत नाही."

मला त्यांचं बोलणं कळायचं. मुळात भाषाच त्यांच्या तोंडून शिकल्यामुळे असेल, पण बायकोखालोखाल मलाच जास्त कळायचं. म्हणूनच त्यांनी मला ते सांगितलं असावं.

फ्राउ डीकमान मागे वाफ्यात होत्या. ते म्हणाले, स्वित्झर्लंडमध्ये त्यांचा एक मित्र आहे, डॉक्टर, लढाईच्या आधी त्यांच्याच संघात खेळलेला. स्वार्थ नसेल तर अशी मदत करणं तिथे गुन्हा नाही. मित्राने आधी नाही म्हटलं, मग दोनदा येऊन भेटून गेला, आणि आता हो म्हटलं आहे. पण शेवटची गोष्ट स्वतःच्या हाताने करावी लागते.

"उजवा हात अजून आहे," ते म्हणाले. "म्हणून फार थांबता येणार नाही."

ते स्वतःच्या मरणाबद्दल बोलताहेत हे मला समजायला वेळ लागला. समजल्यावर मी चिडलो. मी म्हणालो, "तुम्हीच मला म्हणालात, घाई करू नये."

"बऱ्या होणाऱ्याने."

मग त्यांनी बहिणीची गोष्ट सांगितली. त्यांच्या धाकट्या बहिणीला फिट्स यायच्या. तिला एका संस्थेत ठेवलं होतं. लढाईच्या काळात नाझी सरकारची एक राखाडी बस आली आणि तिथल्या पुष्कळ लोकांना घेऊन गेली. नंतर घरी कळवण्यात आलं की ती न्यूमोनियाने गेली. त्यांच्या आईने तो न्यूमोनिया मरेपर्यंत खरा मानला.

"तिला मारणाऱ्यांनीही त्याला दयाच म्हटलं होतं," ते म्हणाले. एकेक शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. "तिला जगायचं होतं, युंगे. तिला कुणी विचारलं नाही. माझं मी ठरवतोय. हे त्यासारखं नाही. पण मला रोज स्वतःला सांगावं लागतं की हे त्यासारखं नाही."

मी त्यांच्या तोंडाची लाळ पुसली. फ्राउ डीकमान हातात कांद्याची पात घेऊन आत आल्या, आमच्याकडे बघितलं, आणि काय बोलणं झालं ते त्यांना कळलं.

*

श्वेस्टर आगाथाही एकदा आल्या होत्या. कसं कोण जाणे, त्यांनाही कळलं होतं. त्या धर्माचं बोलतील असं मला वाटलं होतं. त्या बोलल्या नाहीत. खुर्ची जवळ घेऊन त्यांनी विचारलं, "हेर डीकमान, तुमचं करताना आम्हाला कधी किळस आली असं तुम्हाला दिसलं का?"

"नाही."

"मग?"

"तुम्हाला नाही येत, श्वेस्टर. मला येते."

निघताना श्वेस्टरनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि हॉस्पिटलकडे जाणारी बस येईपर्यंत माझ्याबरोबर थांब्यावर उभ्या राहिल्या. "या घरात दोनच माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "चार हवी होती." एवढंच.

आज कित्येक वर्षांनी मला सगळ्यात जास्त हेच लागतं. आता अशा रोग्यांसाठी घरी येणारी माणसं आहेत, श्वासाला मदत करणारी यंत्रं आहेत, डोळ्यांच्या हालचालीवर अक्षरं लिहिता येतात, वेदना आणि गुदमरणं आवरणारे डॉक्टर आहेत. आजार तोच आहे, पण त्यात माणूस एकटा पडायलाच हवा असं नाही. हेर डीकमानना यातलं काही मिळालं असतं तर त्यांनी काय ठरवलं असतं, मला माहीत नाही. त्यांना ते ठरवायची संधीच मिळाली नाही, याची हळहळ वाटते.

*

मला काही आठवड्यांच्या प्रॅक्टिकलसाठी म्युनिकला जायचं होतं. निघण्यापूर्वी मी भेटलो तेव्हा ते म्हणाले होते, वसंत बघू, मग पुढचं. मी निश्चिंत मनाने गेलो. परतल्यावरच्या रविवारी नेहमीप्रमाणे बसने गेलो तर घराच्या खिडक्यांची लाकडी झडपं बंद होती. शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी आले.

"ते स्वित्झर्लंडला गेलेत. तिथल्या हवेने त्यांना बरं वाटेल म्हणे."

मी त्यांचे आभार मानले. परतीची बस लगेच नव्हती. मी क्लबच्या मैदानापर्यंत चालत गेलो. बर्फ वितळून नुसता चिखल झाला होता. तिथे कुणी नव्हतं, आणि मला काय करायचं होतं तेही मला माहीत नव्हतं. मी तसाच परत फिरलो.

अंत्यविधीला अर्धं गाव होतं. क्लबचा झेंडा खाली उतरवला होता. पाद्री म्हणाले, दीर्घ आजार त्यांनी धीराने सोसला. क्लबातले लोक रडत होते, तेच, जे येईनासे झाले होते. मला त्यांचा राग आला नाही. आजारी माणसाकडे जाऊन बसणं कठीण असतं हे मी खाटेवरून पाहिलं होतं. फ्राउ डीकमान ताठ उभ्या होत्या. सगळ्यांना त्या सांगत होत्या, फुप्फुसं गेली. माझा मात्र त्यांनी नुसता हात हातात घेतला.

*

डिग्री मिळाल्यावर मायदेशी परतण्याआधी मी फ्राउ डीकमानना भेटायला गेलो. बैठकीच्या खोलीतला पलंग हलवून तिथे पुन्हा टेबल आणलं होतं. त्यांनी आलुबुखारांचा केक केला होता. माझ्या पाठीची चौकशी केली, आईची केली. मग आपणहूनच बोलू लागल्या. हे त्या आणखी कुणापाशी बोलू शकत नव्हत्या. गावात खरं कुणाला ठाऊक नव्हतं. पाद्र्यांकडे पापनिवेदनाला जाणं त्यांनी बंद केलं होतं.

तळ्याकाठी मित्राचं घर होतं. तिथे ते चार-पाच दिवस राहिले. डॉक्टर रोज विचारायचे, विचार बदलला का, आणि बदलला तर मी स्वतः तुम्हाला गाडीने घरी सोडतो. हेर डीकमान मान हलवून नाही म्हणायचे. खाणं गिळता येत नव्हतं, पण खिडकीशी बसून तळं बघायला त्यांना आवडत होतं. हवा एकाएकी छान झाली होती.

"आदल्या दिवशी दुपारी," फ्राउ डीकमान म्हणाल्या, "त्याने मला विचारलं, 'हिल्डा, आणखी एक आठवडा राहू या का इथे?'"

त्यांनी माझ्या ताटलीत केकचा दुसरा तुकडा ठेवला. पहिला अजून तसाच होता.

"मला वाटलं, तो माझ्यासाठी विचारतोय. मला सोडवत नाहीये असं त्याला दिसलं, म्हणून माझ्याकरता थांबतोय. त्याला किती त्रास होत होता ते मला माहीत होतं. मी म्हणाले, 'माझ्यासाठी थांबू नकोस.' त्याने माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग म्हणाला, 'गेनाऊ. बरोबर आहे.'"

बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. त्याचा धप धप आवाज येत होता.

"आता मला वाटतं, त्यालाच हवा होता तो आठवडा. स्वतःसाठी. उन्हासाठी. कदाचित त्याच्या मनात दुसरंच काही असेल. मी परत विचारलं नाही."

"फ्राउ डीकमान, हे तुम्हाला कळणं शक्य नव्हतं," मी म्हणालो.

"नव्हतं. पण विचारणं शक्य होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय म्हणाला असता?"

मी खोटं बोललो नाही. "थांबा, म्हणालो असतो."

"अर्थात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ते हवे होते. मलाही हवा होता. म्हणूनच तर मी तसं म्हणाले नाही."